आठवड्याची पुस्तकं : टॉक शो, लेखक आणि वाचकाचा भरवसा

आजचा विषय ऐकायला जरा हलका वाटेल. दूरचित्रवाणीवरचा गप्पांचा कार्यक्रम, ज्याला सगळीकडे टॉक शो म्हणतात, आणि त्यात आठवडाभर येऊन जाणारे लेखक व त्यांची पुस्तकं. सोमवारी एक इतिहासकार, मंगळवारी एखादी कादंबरीकार, बुधवारी कुणी निवृत्त मंत्री आपलं आत्मचरित्र घेऊन. सहा-सात मिनिटं बोलणं होतं, टाळ्या होतात, जाहिरात लागते, की गेलं. यात तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं आमच्यातल्याच एकांनी विषय ठरवताना विचारलं होतं.

पण एक गोष्ट आठवून बघा. वाचनालयात टेबलामागे बसलेले ग्रंथपाल एखादं पुस्तक आपल्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "हे न्या, तुम्हाला आवडेल." आपण ते उघडूनही बघत नाही. नोंद करतो आणि घरी घेऊन येतो. असं का करतो? तर त्यांनी ते वाचलेलं असणार, आणि आपली आवड त्यांना माहीत आहे, हा भरवसा. आता हे टेबल खूप मोठं झालं, पलीकडे शंभर माणसांऐवजी लाखो माणसं उभी राहिली, आणि पुस्तक पुढे सरकवणाऱ्याच्या मागे प्रकाशक, वाहिनी आणि जाहिरातदार उभे राहिले, तर त्या भरवशाचं काय होतं? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे. तो समजून घ्यायला आपण फ्रान्स आणि अमेरिका या दोन देशांत जाऊ, कारण तिथे हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला.

आठवडा तयार कसा होतो?

आधी यंत्रणा समजून घेऊ. अमेरिकेत नवी पुस्तकं बाजारात आणण्याचा वार ठरलेला आहे, मंगळवार. त्यामुळे लेखक त्याच आठवड्यात पडद्यावर दिसावा, अशी प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाची धडपड असते. त्यासाठी काही महिने आधीच छपाईपूर्व प्रती कार्यक्रमाच्या निर्मात्यांकडे जातात. तिथे अशा प्रतींचे ढीग लागलेले असतात. त्यातून कर्मचारी काही निवडतात आणि लेखकाशी आधी फोनवर बोलून घेतात. माणूस बोलका आहे का, कोणता किस्सा रंगेल, कोणता प्रश्न टाळावा, हे सगळं टिपून सूत्रसंचालकाच्या हातात कागद दिला जातो. म्हणजे पडद्यावर जी सहज गप्पा वाटते, तिची एक तालीम आधीच झालेली असते.

उदाहरणादाखल 'द डेली शो' घ्या. जॉन स्टुअर्ट १९९९ ते २०१५ या काळात तो चालवत होते. सोमवार ते गुरुवार, रोज अर्धा तास. बातम्यांची थट्टा आधी, पाहुणा शेवटी. त्या खुर्चीत नटनट्या बसत, तसेच इतिहासकार, पत्रकार, अर्थतज्ज्ञही बसत. स्टुअर्ट पुस्तक हातात धरून कॅमेऱ्याकडे मुखपृष्ठ करत. अशा कार्यक्रमांच्या आठवड्याची यादी काढून बसलं, की एक गोष्ट ध्यानात येते. कथा-कादंबऱ्या कमी, माहितीपर पुस्तकं जास्त. याचं कारण सोपं आहे. युद्ध, बँका, निवडणूक यांवरचं पुस्तक न वाचताही त्या विषयावर बोलता येतं. कादंबरीचं तसं नाही. गोष्ट सांगून टाकली तर मजा गेली, आणि नाही सांगितली तर बोलायचं कशावर? मग लेखकाच्या आयुष्यावर बोलणं होतं. पुस्तक बाजूला राहतं आणि माणूस विकला जातो.

इथेच आपला पहिला मुद्दा येतो. या सात मिनिटांत प्रेक्षकाला पुस्तक कळत नाही, कळूच शकत नाही. त्याला दोन गोष्टी दिसतात : लेखकाचा चेहरा, आणि समोरच्याने पुस्तक मनापासून वाचलं आहे की नाही. त्यातली दुसरी गोष्ट टिकाऊ असते.

शुक्रवारची रात्र, शनिवारचं दुकान

आता फ्रान्सकडे वळू. १० जानेवारी १९७५ रोजी तिथल्या सरकारी दुसऱ्या वाहिनीवर 'अपोस्त्रॉफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक होते बर्नार पिव्हो. हे कोणी प्राध्यापक नव्हेत. आईवडिलांचं किराणा दुकान, स्वतः पत्रकार. दर शुक्रवारी रात्री, थेट प्रक्षेपण. एखादा विषय घ्यायचा, त्याभोवती चार-सहा लेखक बसवायचे आणि त्यांना एकमेकांच्या पुस्तकांवर बोलायला लावायचं. जून १९९० पर्यंत असे ७२४ भाग झाले. केवळ पुस्तकांवरचा कार्यक्रम पंधरा वर्षं, तोही शुक्रवारच्या रात्री! आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर 'प्रतिभा आणि प्रतिमा' पाहिलेल्या पिढीला यातली गोडी वेगळी सांगायला नको.

पिव्हो यांचं भांडवल एकच होतं, वाचन. आठवडाभर रोज कित्येक तास ते पुस्तकं वाचत. लेखकांच्या मेजवान्यांपासून शक्यतो लांब राहत. समोर बसलेल्याला विचारायचा प्रश्न पुस्तकातल्या अमुक पानावरून येई, आणि प्रेक्षकाला ते कळे. परिणाम असा, की शनिवारी सकाळी फ्रान्समधल्या पुस्तकांच्या दुकानांत आदल्या रात्रीची पुस्तकं वेगळ्या टेबलावर मांडलेली असत आणि गिऱ्हाईक थेट तिथेच जाई. २८ सप्टेंबर १९८४ रोजी मार्गरित द्युरास या लेखिकेला त्यांनी एकटीलाच बोलावलं. तिच्या 'लामाँ' या कादंबरीची मागणी एवढी वाढली, की वर्षानुवर्षं थोड्या वाचकांपुरती असलेली लेखिका घरोघरी पोहोचली. नोव्हेंबरमध्ये त्याच कादंबरीला गाँकूर पुरस्कारही मिळाला.

पण मंडळी, हे सगळं गोडगोड नव्हतं. १९८२ मध्ये रेजी दब्रे या विचारवंताने जाहीर टीका केली, की पुस्तकांच्या बाजारावर एका माणसाची हुकूमशाही चालली आहे. दब्रे त्या वेळी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचे सल्लागार होते, त्यामुळे मोठा गदारोळ झाला. टीका अगदीच पोकळ नव्हती. ज्याला शुक्रवारी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुस्तकाला शनिवारी टेबलावर जागा नसे. वाचणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आठवड्याला चार-सहाच पुस्तकं पडद्यावर येणार. बाकीच्यांनी कुठे जायचं?

आणखी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. मे १९७५ मध्ये व्लादिमीर नाबोकोव्ह पाहुणे म्हणून आले. त्यांची अट अशी, की प्रश्न आधी लेखी हवेत. मग कार्यक्रमात त्यांनी लिहून आणलेली उत्तरं वाचून दाखवली. कागद दिसू नयेत म्हणून समोर पुस्तकांची रास रचली होती. शेजारी चहाची किटली, आणि किटलीत व्हिस्की. पिव्हो मधूनमधून आदबीने आणखी चहा हवा का, असं विचारत होते. आपण हसतो, पण यातही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पडद्यावरची गप्पा ही रचलेली असते. ती रचलेली असूनही खरी असू शकते, कारण नाबोकोव्ह यांचं प्रत्येक वाक्य त्यांनी स्वतः घासूनपुसून लिहिलेलं होतं. म्हणून गप्पा उत्स्फूर्त आहे की नाही, ही काही भरवशाची कसोटी नव्हे. कसोटी दुसरी आहे. ती आपल्याला अमेरिकेत सापडते.

आधी पुस्तक, मग लेखक

१७ सप्टेंबर १९९६ रोजी ऑप्रा विन्फ्री यांनी आपल्या दुपारच्या कार्यक्रमात वाचन मंडळाची घोषणा केली. पहिलं पुस्तक होतं जॅकलिन मिचर्ड यांची 'द डीप एंड ऑफ द ओशन' ही कादंबरी. लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. बघता बघता ती खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. यात नवीन काय होतं, हे नीट पाहा. नेहमीच्या टॉक शोमध्ये लेखक आधी येतो, आणि पुस्तक कुणी वाचलं तर नंतर. ऑप्रा यांनी हा क्रम उलटा केला. पुस्तकाचं नाव आज सांगायचं, मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, लोकांनी वाचायचं, आणि मग चर्चा. चर्चेला लेखक असे, ऑप्रा असत, आणि पत्र पाठवून निवडले गेलेले साधे वाचकही असत. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसून बोलत.

दुसरं पुस्तक होतं टोनी मॉरिसन यांचं 'साँग ऑफ सॉलोमन'. हे १९७७ चं पुस्तक. मॉरिसन यांना नोबेल मिळालं १९९३ मध्ये. पण नोबेलने जेवढा खप वाढवला नव्हता, तेवढा या एका घोषणेने वाढला. पुढे त्यांची आणखी तीन पुस्तकं या मंडळाने निवडली. मॉरिसन सोप्या लेखिका नाहीत. वाक्यं परत परत वाचावी लागतात, असं लोक तुम्हाला सांगतात का, असं ऑप्रा यांनी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, की बाई, त्यालाच वाचणं म्हणतात. दुपारी घरकाम उरकून टीव्ही लावणाऱ्या लाखो बायकांसमोर हे बोललं गेलं. आम्हाला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण त्यात कोणी पुस्तक सोपं करून विकलं नाही. वाचकाला वर यायला सांगितलं, आणि वाचक आला.

२००२ मध्ये ऑप्रा थांबल्या. मनापासून शिफारस करावी अशी पुस्तकं दर महिन्याला सापडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. २००३ मध्ये जुन्या अभिजात पुस्तकांनी पुन्हा सुरुवात केली. २००४ च्या उन्हाळ्यात निवडलं टॉलस्टॉयचं 'ॲना कॅरेनिना'. प्रकाशकाने त्या अनुवादाच्या सुमारे ८ लाख जादा प्रती छापायला घेतल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची रशियन कादंबरी, तिचा लेखक तर मुलाखतीला येणं शक्यच नाही, आणि तरी एवढ्या प्रती! म्हणजे लेखकाच्या चेहऱ्याची गरज नव्हती. गरज होती ती सांगणाऱ्यावरच्या विश्वासाची आणि वाचायला मिळालेल्या वेळाची.

भरवसा तुटतो तेव्हा

आता दोन प्रकरणं पाहू. पहिलं २००१ चं. जोनाथन फ्रँझन यांची 'द करेक्शन्स' निवडली गेली. मंडळाचं बोधचिन्ह आपल्या मुखपृष्ठावर यावं, हे त्यांना रुचलं नाही. त्यामुळे पुरुष वाचक बिचकतील, अशा अर्थाचंही ते बोलले. ऑप्रा यांनी मुलाखतीचं निमंत्रण मागे घेतलं. पुढे त्याच कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. या वादात बहुतेकांनी कुणी तरी एक बाजू घेतली. आमचं म्हणणं असं, की फ्रँझन यांची एक शंका रास्त होती : मुखपृष्ठावरचा शिक्का पुस्तकाची ओळख गिळून टाकतो का? पण त्या शंकेच्या आडून वाचणाऱ्या बायकांना कमी लेखलं गेलं, ते चूकच. २०१० मध्ये ऑप्रा यांनी त्यांची 'फ्रीडम' निवडली, ते कार्यक्रमात आले आणि समेट झाला.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर. सप्टेंबर २००५ मध्ये जेम्स फ्रे यांचं 'अ मिलियन लिटल पीसेस' निवडलं गेलं. व्यसनातून बाहेर पडल्याची ही आत्मकथा, सत्यकथा म्हणून छापलेली. जानेवारी २००६ मध्ये 'द स्मोकिंग गन' या संकेतस्थळाने कागदपत्रांनिशी दाखवून दिलं, की त्यातल्या अनेक गोष्टी रचलेल्या आहेत. पुस्तकात जवळजवळ तीन महिन्यांचा तुरुंगवास होता, प्रत्यक्षात लेखक काही तासच कोठडीत होता. ऑप्रा यांनी आधी लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात फोन करून लेखकाची पाठराखण केली. लोक चिडले. मग २६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी फ्रे यांना आणि त्यांच्या प्रकाशिकेला समोर बसवलं, थेट प्रश्न विचारले, आणि आपण त्या दिवशी फोन करून चूक केली, हे प्रेक्षकांसमोर कबूल केलं. फसवलं गेल्याची भावना असलेल्या वाचकांना पुस्तकाचे पैसे परत देण्याची तयारी पुढे प्रकाशकाला दाखवावी लागली.

हे प्रकरण आम्ही का सांगतो? अनेक व्यसनी माणसांनी आणि त्यांच्या आयांनी ते पुस्तक आधार म्हणून धरलं होतं. त्यांच्या दृष्टीने ही साहित्यातली भानगड नव्हती. "हे खरं घडलं आहे, म्हणून आपल्यालाही जमेल," या विश्वासाचा प्रश्न होता. सूत्रसंचालकाने पुस्तक वाचलं होतं, मनापासून वाचलं होतं. पण वाचणं म्हणजे पडताळणं नव्हे. ते काम प्रकाशकाचं होतं आणि ते झालं नव्हतं. लाखो लोकांना "हे न्या" म्हणणाऱ्यावर एक जादा जबाबदारी येते, ती ही. आणि चूक झाली तर जिथे शिफारस केली त्याच जागी उभं राहून ती मान्य करायची, हेही त्या दिवसाने दाखवलं.

वाचन वाढलं का?

तुम्ही विचाराल, एवढं सगळं झालं, पण एकूण वाचन वाढलं का? याचा हिशेब क्रेग गार्थवेट या अर्थतज्ज्ञाने मांडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ऑप्रा यांच्या शिफारशींनंतरचे विक्रीचे आकडे तपासले. निवडलेल्या पुस्तकाचा खप प्रचंड वाढला, त्या लेखकाच्या इतर पुस्तकांचाही वाढला. पण प्रौढांच्या कथासाहित्याची एकूण विक्री वाढली नाही. उलट घोषणेनंतरच्या आठवड्यांत रहस्यकथा, प्रेमकथा यांसारख्या प्रकारांत घट दिसली. म्हणजे भाकरी तेवढीच राहिली, फक्त तुकडे वेगळे पडले.

हे ऐकून वाईट वाटण्याची घाई नको. गार्थवेट यांनी यामागचं एक कारण सुचवलं : निवडलेली पुस्तकं त्या वाचकांच्या नेहमीच्या पुस्तकांपेक्षा जड आणि मोठी होती. एरवी आठवड्याला एक हलकी कादंबरी वाचणारी व्यक्ती टॉलस्टॉय घेऊन बसली, तर पुढचे दोन महिने ती दुकानात येणारच नाही. दुकानदाराच्या वहीत ती घट. वाचकाच्या वहीत मात्र ती वाढच म्हणायची. कोणती वही बघायची, हे आपण ठरवायचं.

एका रात्रीचं नशीब

अलीकडचं एक उदाहरण सांगतो आणि समारोपाकडे वळतो. २०१४ मध्ये ॲमेझॉन आणि हॅशेट ही प्रकाशनसंस्था यांच्यात विक्रीच्या अटींवरून भांडण जुंपलं. ॲमेझॉनने हॅशेटच्या पुस्तकांची आगाऊ नोंदणी बंद केली, पुस्तकं पोहोचवायलाही उशीर होऊ लागला. यात सर्वांत जास्त मार बसतो तो पहिलं पुस्तक येत असलेल्या लेखकाला. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, आणि आगाऊ नोंदणीवरच त्याच्या किती प्रती छापायच्या हे ठरतं. स्टीफन कोल्बेर यांची स्वतःची पुस्तकंही हॅशेटकडेच होती. त्यांनी जूनमध्ये आपल्या कार्यक्रमात लेखक शर्मन अलेक्सी यांना बोलावलं. अलेक्सी यांनी ईडन लपकी यांच्या 'कॅलिफोर्निया' या पहिल्या कादंबरीची शिफारस केली, आणि कोल्बेर यांनी प्रेक्षकांना सांगितलं, की ती पोर्टलंडच्या पॉवेल्स या दुकानातून आधीच मागवा. जुलैमध्ये ती 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आली.

लपकी यांचं भलं झालं, आनंदच आहे. पण त्याच कोंडीत अडकलेले इतर नवे लेखक तिथेच राहिले. एका रात्रीत कुणाचं नशीब उघडतं, याचाच अर्थ बाकीची दारं त्या रात्रीही बंद होती. दब्रे यांचा १९८२ चा प्रश्न बत्तीस वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा उभा राहिला, तो असा.

मग आपण काय करायचं?

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मुलाखत ऐकून भारावून घेतलेली आणि पंधराव्या पानावर खूण अडकून पडलेली पुस्तकं आहेत. इथे बसलेल्यांपैकीही काहींच्या घरी असतील. दोष पुस्तकाचा नसतो. आपण लेखकाचा चेहरा विकत घेतलेला असतो, आणि चेहरा पंधरा पानं पुरतो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कार्यक्रमात पुस्तक दिसलं, की आधी प्रश्न विचारणाऱ्याकडे बघा. त्याचे प्रश्न पुस्तकातून आलेत की लेखकाच्या बातम्यांतून? पुस्तक "सत्यकथा" म्हणून पुढे येत असेल, तर ती कोणी पडताळली आहे? आणि कार्यक्रम आपल्याला वाचायला वेळ देतो आहे, की फक्त विकत घ्यायची घाई करतो आहे? ज्या कार्यक्रमाने वेळ दिला, त्याने मॉरिसन आणि टॉलस्टॉयसुद्धा दुपारच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. वेळ देणं, ही ती दुसरी कसोटी.

आणि उरलेल्या पुस्तकांचं काय? पडद्यावर आठवड्याला चार-पाचच मावतात. बाकीच्यांसाठी वाचनालयातलं ते छोटं टेबल आहे, आणि आपण स्वतः आहोत. वाचलेलं एक पुस्तक एका ओळखीच्या माणसापुढे सरकवायचं, आणि महिन्याभराने विचारायचं, "वाचलंत का?" एवढं आपल्या हातात आहे, आणि त्याला कॅमेरा लागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.